नवी कवळी रुळायला दीड-दोन महिने का लागतात?

केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ साली सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना त्यातून काठी, वॉकर, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, चष्मा मिळतो आणि त्याच यादीत कृत्रिम दातही आहेत. पण चष्मा डोळ्यांवर चढवला की अक्षर लगेच दिसतं, काठी हातात आली की त्याच दिवशी आधार मिळतो. कवळीचं तसं होत नाही. पहिल्या दिवशी ती जवळपास कुणालाच नीट वापरता येत नाही. तोंड भरून गेल्यासारखं वाटतं, बोलताना जीभ अडखळते, घास कुठे चाललाय ते कळत नाही, खालची कवळी तर जागेवर थांबायलाच तयार नसते. घरचे म्हणतात, डॉक्टरनं माप चुकवलं. आजी म्हणते, "मले नाही जमत बापा हे." आणि कवळी डबीत जाते.

डबीत गेलेल्या यातल्या पुष्कळ कवळ्या वाचवता आल्या असत्या, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी दोन प्रकारचे त्रास वेगळे ओळखता आले पाहिजेत. एक त्रास सरावानं जातो. दुसरा कितीही सोसला तरी जात नाही, तो डॉक्टरांनी कवळी घासून दिल्यावरच जातो. पहिल्याला घाबरून कवळी काढून ठेवणं आणि दुसरा मुकाट्यानं सोसत बसणं, या दोन्हींमुळे नुकसान होतं.

## कवळी टिकते कशावर?

पूर्ण कवळी म्हणजे एका जबड्यातले सगळे दात गेल्यावर बसवलेला, काढता-घालता येणारा दातांचा संच. तिचा गुलाबी भाग ॲक्रिलिक नावाच्या प्लास्टिकचा असतो. खऱ्या दाताचं मूळ हाडात रोवलेलं असतं. कवळी ओल्या हिरडीवर नुसती टेकलेली असते.

वरची कवळी धरून ठेवते ती लाळ. काचेच्या दोन तुकड्यांमध्ये पाण्याचा थेंब पडला की ते एकमेकांना असे चिकटतात की सरळ ओढून सुटत नाहीत. टाळू आणि कवळी यांच्यामध्ये लाळेचा पातळ थर तेच काम करतो. शिवाय कवळीची कड गाल, ओठ आणि टाळूचा मागचा मऊ भाग यांच्याशी चहूबाजूंनी मिटलेली असते, म्हणून आत हवा शिरत नाही. "डॉक्टर, मागून थोडी कापून द्या, उलटी आल्यासारखं होते," असा आग्रह बरेच जण धरतात. मागची कड खरंच जास्त लांब असेल तर डॉक्टर कमी करतात. पण गरजेपेक्षा जास्त कापली तर तिथूनच हवा शिरते आणि चांगली बसलेली कवळी पडायला लागते.

खालच्या कवळीला टाळूचा आधार नाही. तिची पट्टी अरुंद, आणि मधोमध सतत हलणारी जीभ. वरच्या कवळीला टेकायला सरासरी २३ चौरस सेंटिमीटर जागा मिळते, तर खालच्या कवळीला जेमतेम १२, असा हिशेब दंतशास्त्रात सांगितला जातो. "वरची छान बसली, खालची उडते" ही तक्रार त्यामुळेच सगळीकडे ऐकू येते, आणि त्यात डॉक्टरांचा दोष असेलच असं नाही. खालची कवळी जीभ, गाल आणि ओठ यांनीच सांभाळायची असते. जीभ मागे ओढून घेतली की ती उचलली जाते. जिभेचं टोक खालच्या समोरच्या दातांच्या मागे हलकंसं टेकवून ठेवलं की ती बसून राहते. ही सवय जिभेच्या अंगवळणी पडायला आणि चावण्याची नवी पद्धत स्नायूंत रुजायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. त्या काळात रोज थोडा वेळ का होईना कवळी तोंडात राहिली पाहिजे. डबीत पडलेल्या कवळीनं सराव होत नाही.

## सरावानं जाणारे त्रास

पहिला त्रास लाळेचा. तोंडात काहीतरी आहे म्हणजे ते अन्नच असणार, असं मेंदू समजतो आणि लाळ सुटत राहते. सारखं थुंकायला किंवा चूळ भरायला जाऊ नये, गिळत राहावं. काही दिवसांत मेंदूला कळतं की हे खायचं नाही, आणि लाळ आपोआप कमी होते. मळमळीचंही तसंच आहे. नाकानं सावकाश श्वास घ्यायचा, थंड पाण्याचे घोट घ्यायचे, आणि आज तासभर, उद्या दोन तास असं वाढवत न्यायचं. दोन-तीन आठवड्यांनंतरही उबळ तशीच येत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवावं.

बोलण्याचा त्रास लोकांना जास्त लागतो, कारण तो चारचौघांत दिसतो. स, च, ज, फ, व, त, थ ही अक्षरं दात, ओठ आणि टाळूचा पुढचा भाग यांच्या मेळानं उमटतात, आणि तिथेच आता नवी भिंत उभी राहिलेली असते. एकसष्टपासून सत्तरपर्यंतचे आकडे मोठ्यानं म्हणून पाहा. त्रेसष्ट, पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट करता करता सगळे अवघड उच्चार घासून निघतात. सकाळचा पेपर मनात वाचण्याऐवजी मोठ्यानं वाचला तरी चालेल, फक्त सावकाश. घरच्यांनी या काळात हसू नये आणि वाक्य मध्येच पूर्ण करून देऊ नये. आजोबांना दहा मिनिटं बोलतं ठेवलं तरी त्यांचा तेवढा सराव होतो.

खाण्याकडे मात्र जरा जास्त लक्ष द्यायला हवं, कारण बहुतेकांची हिंमत तिथेच खचते. कवळीनं खऱ्या दातांइतका जोर लागत नाही. साधारण चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकाच लागतो. तो वाढेल अशी आशा धरण्यापेक्षा घास लहान करावा. पहिले काही दिवस वरण-भात, मऊ खिचडी, ताकात कुस्करलेली भाकरी, पिकलेलं केळं. जमायला लागलं की पोळीचे छोटे तुकडे, शिजलेली भाजी, पाटोडी. सावजी मटण शेवटी, आणि तेही नीट शिजलेलं, बारीक केलेलं.

चावताना घास दोन्ही बाजूंना थोडा थोडा ठेवून एकाच वेळी चावायचा. एकाच बाजूनं चावलं की त्या बाजूला दाब पडतो आणि दुसरी बाजू उचलली जाते. समोरच्या दातांनी तोडणं तर टाळाच. भुट्टा, पेरू, ऊस समोरून तोडायला गेलं की वरची कवळी मागून सुटते. भुट्ट्याचे दाणे काढून घ्या, पेरूच्या पातळ फोडी करा. संत्रं सोलून फोडीवरची साल आणि बी काढून खा, कारण बी कवळीखाली गेली तर टोचते. तर्री पोह्यातले पोहे मऊ असतात, त्रास देतात ती चण्याची सालं. पहिले काही आठवडे चणे बाजूला काढलेले बरे.

तर्रीची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. वरची कवळी टाळू झाकते, त्यामुळे किती गरम आहे ते तोंडाला उशिरा कळतं. चहा, तर्री, रस्सा हे सगळं टाळूला कोमट भासतं आणि घशाला चटका बसतो. आधी ओठाला लावून पाहावं. चव गेल्यासारखी वाटते त्याचंही एक कारण हेच. चव मुख्यतः जिभेला कळते आणि जीभ मोकळीच असते, पण अन्नाचा स्पर्श आणि ऊब टाळूला कळेनाशी होते, म्हणून जेवण फिकं वाटतं. काही आठवड्यांत हेही सुधारतं. तोवर फिकं लागतं म्हणून मीठ वाढवू नये, विशेषतः बीपीच्या माणसानं.

## "सोस थोडं, सवय होईल" हे कधी म्हणू नये?

एकाच जागी दुखत असेल तेव्हा. पहिल्या दिवसांत सगळ्या हिरड्या थोड्या दुखऱ्या होतात, ते चालतं. पण बोट ठेवून "इथे" असं दाखवता येईल असं दुखणं, लाल डाग किंवा पांढरट छाला दिसत असेल, तर कवळी त्या जागी रुतते आहे असं समजावं. असं दुखणं सवयीनं जाणार नाही, जखम खोल होईल.

डॉक्टर ती जागा कशी शोधतात ते पाहण्यासारखं असतं. कवळीच्या आतल्या बाजूला पांढऱ्या मलमाचा पातळ हात देतात, कवळी तोंडात बसवून दाबतात आणि काढतात. मलम सगळीकडे पांढरं राहतं, पण जिथे जास्त दाब पडतो तिथलं पुसलं जाऊन गुलाबी ॲक्रिलिक उघडं पडतं. तेवढाच ठिपका बारीक चकतीनं घासायचा, पुन्हा मलम, पुन्हा बसवून पाहणं. दात एकमेकांवर कसे टेकतात ते रंगीत कागद चावायला देऊन बघतात. काम बहुधा काही मिनिटांचं असतं, आणि आठवडाभर उपाशी राहिलेला माणूस त्याच संध्याकाळी जेवतो.

नवी कवळी मिळाल्यावर अशा दोन-चार फेऱ्या होणारच, हे धरूनच चालावं. त्यात कुणाची चूक नाही. जाताना फक्त एक करावं: दुखतं म्हणून कवळी काढून ठेवलेली असेल तर भेटीच्या आदल्या दिवसापासून काही तास ती घालावी. जखमेचा डाग दिसला नाही तर डॉक्टरांना कुठे घासायचं तेच कळत नाही. घरी कानस, चाकू, सँडपेपर यांनी घासायला मात्र कधीही जाऊ नये. कुठून किती काढलं याचा अंदाज राहत नाही, आणि काढलेलं परत येत नाही.

या दिवसांत जुनी कवळी आणि नवी कवळी आलटून पालटून घालण्याचा मोह होतो. जुनी ओळखीची असते, पण दोन्ही घालत राहिलं तर जीभ आणि स्नायू नवीचं वळण घेत नाहीत. जुनी फेकू नका, अडीअडचणीला ठेवा.

## रात्री काढायची का?

काढायची. रात्रभर, निदान सहा ते आठ तास हिरड्या मोकळ्या राहिल्या पाहिजेत. सतत झाकलेल्या, ओलसर जागेत बुरशी वाढते, टाळू लालबुंद होतो. पुष्कळदा दुखतही नाही, म्हणून कळत नाही. यापेक्षा गंभीर गोष्ट फुप्फुसाची. झोपेत लाळ कमी होते, कवळीवरचे जंतू वाढतात आणि श्वासाबरोबर आत जाऊ शकतात. जपानमध्ये ८५ वर्षांवरच्या ५२४ जणांवर केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात कवळी घालूनच झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका दुपटीहून थोडा जास्त आढळला.

"नातवंडांसमोर बोळकं दिसतं" हा संकोच मी समजू शकते. मग दिवा मालवल्यावर काढावी, सकाळी सगळ्यांच्या आधी घालावी. पण रात्र मोकळी जावी. अपवाद एक: दात काढल्या काढल्या त्याच दिवशी कवळी बसवली असेल तर पहिले २४ तास ती काढायची नसते, कारण सूज आली की परत बसत नाही. तेव्हा डॉक्टर सांगतील तसंच करायचं.

## धुताना

प्रत्येक जेवणानंतर कवळी काढून साध्या पाण्यानं खळखळून धुवायची आणि दिवसातून एकदा मऊ ब्रशनं सगळ्या बाजूंनी घासायची. हिरडीला लागणारी आतली बाजू लोक विसरतात, आणि घाण तिथेच जास्त बसते.

धुताना बेसिनमध्ये अर्धं पाणी भरून घ्या किंवा खाली जाड टॉवेल टाका. साबणानं निसरडी झालेली कवळी हातातून सुटते आणि सिरॅमिकवर आपटून मधोमध चिरते. कवळ्या मोडण्याचं हे नेहमीचं कारण आहे. खालची कवळी दोन टोकांना धरून घासू नका, दाबानं मधेच तुटते. एक बाजू तळहातात घेऊन घासा.

टूथपेस्ट नको. तिच्यातल्या घासणाऱ्या कणांनी मऊ ॲक्रिलिकवर बारीक ओरखडे पडतात आणि त्यांत डाग व जंतू घर करतात. हात धुण्याचा सौम्य द्रवसाबण पुरेसा आहे, नंतर भरपूर पाण्यानं धुतलं म्हणजे झालं. दुकानात मिळणाऱ्या फसफसणाऱ्या गोळ्या चांगल्या, पण त्या पेल्यातल्या पाण्यासाठी असतात; तोंडात कवळी असताना किंवा नुसत्या तोंडात घ्यायच्या नाहीत. विसरभोळ्या माणसाच्या घरी त्या औषधांच्या डब्यात ठेवू नका. बोअरवेलच्या जड पाण्याचा पांढरा थर चढत असेल तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्यात काही वेळ भिजवून घासावी. अर्धवट कवळीला धातूच्या पकडी असतील तर ब्लीचच्या जवळही नेऊ नका, धातू गंजतो.

कवळी काढल्यावर हिरड्या, टाळू आणि जीभ ओल्या मऊ कापडानं किंवा अगदी मऊ ब्रशनं पुसून घ्यायची. दात नसले तरी तोंड रोज साफ करायचं असतं.

## उकळली तर जंतू मरतील ना?

जंतूंबरोबर कवळीचा आकारही जाईल. उकळत्या पाण्यानं ॲक्रिलिक वाकतं, आणि ते वाकणं डोळ्यांना दिसत नाही, तोंडात घातल्यावर कळतं. कोरडं पडल्यानंही आकार बदलतो. म्हणून तोंडाबाहेर असताना ती कायम साध्या, थंड पाण्यात बुडवून ठेवायची. नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, खिडकीच्या कठड्यावर किंवा उन्हात उभ्या कारमध्ये ठेवलेल्या कवळीचं काय होईल ते वेगळं सांगायला नको. पेल्यातलं पाणी रोज बदला.

उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते. दिवसभर घाम, रात्रभर कूलर किंवा एसी, त्यात पाणी कमी प्यायलं की तोंड कोरडं पडतं. बीपीच्या काही गोळ्या, ॲलर्जीची आणि नैराश्याची काही औषधं यांनीही लाळ कमी होते, मधुमेहातही होते. आणि वरची कवळी तर लाळेवरच टिकते. जानेवारीत घट्ट बसलेली कवळी मे महिन्यात सुटायला लागली, तर आधी पाणी किती पितो ते पाहावं आणि औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी. गोळी मनानं बंद करायची नाही.

## चिकटवायची पेस्ट लावली की भागेल?

चांगल्या बसलेल्या कवळीला, लग्नकार्याला जायचं म्हणून, वाटाण्याएवढे दोन-तीन ठिपके लावले तर हरकत नाही. पण ट्यूबभर पेस्ट लागत असेल तर कवळी सैल झाली आहे. काही पेस्टमध्ये झिंक असतं. ते वर्षानुवर्षं जास्त प्रमाणात पोटात गेलं तर शरीरातलं तांबं कमी होऊन हातापायांना बधिरपणा येऊ शकतो. घेताना झिंक नसलेली पाहून घ्या. मोडलेली कवळी फेविक्विकनं जोडणं तर मुळीच नको. ती तोंडात पुन्हा तुटून तुकडा गिळला गेला, तर साधं ॲक्रिलिक एक्स-रेत दिसत नाही, आणि मग शोधणं अवघड होतं.

## एकदा चांगली बसलेली कवळी सैल का होते?

कवळी तशीच असते, खालचं हाड झिजतं. दात गेले की त्यांना धरून ठेवणाऱ्या हाडाला काम उरत नाही आणि ते हळूहळू खाली बसतं. झीज पहिल्या वर्षात सगळ्यांत जास्त होते, नंतर मंद चालते, पण थांबत नाही. बऱ्याच वर्षांच्या हिशेबात खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या साधारण चौपट असते. मग कवळीच्या आतल्या बाजूला नवा थर चढवून ती पुन्हा हिरडीजोगी करतात. याला रिलाइनिंग म्हणतात. साधारण पाच ते सात वर्षांनी कवळीच नवी करावी लागते. वीस वर्षं एकच कवळी वापरल्याचा अभिमान बाळगणारी माणसं मी पाहिली आहेत. दात सपाट झालेले, ओठ आत गेलेले, हनुवटी नाकाकडे सरकलेली. सवय झालेली असते म्हणून त्यांना ते जाणवत नाही.

"मग इम्प्लांटच का नको?" (इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला धातूचा स्क्रू) हा प्रश्न रास्त आहे. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी म्हटलं की सगळे दात गेलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवर अडकणारी कवळी हाच पहिला पर्याय असावा. खालची कवळी उडण्याचा प्रश्न त्यानं खरोखर सुटतो. पण हाड पुरेसं हवं, साखर आटोक्यात हवी, खर्च झेपायला हवा. ज्यांना शक्य आहे त्यांनी जरूर विचारावं. ज्यांना नाही, त्यांचं साध्या कवळीवरही चांगलं चालतं, सुरुवातीचे दोन महिने सांभाळले तर.

## दातच नाहीत, आता डॉक्टरकडे कशाला?

तोंडाच्या कर्करोगासाठी. विदर्भात खर्ऱ्याबद्दल हे बोलणं टाळताच येत नाही. तंबाखू, सुपारी, चुना घोटलेला खर्रा गालात धरणाऱ्याचे दात गेले तरी खर्रा सुटलेला नसतो, आणि कवळीखाली एखादा पांढरा किंवा लाल चट्टा महिनोन्महिने दडून राहू शकतो. "कवळी लागली असेल" म्हणून त्याकडे दुर्लक्ष होतं. कवळी काढून ठेवूनही, किंवा घासून घेऊनही जो व्रण दोन आठवड्यांत भरत नाही, तो दाखवलाच पाहिजे. सुपारीनं तोंड उघडणं कमी झालेलं असेल तर कवळी आत घालणंही कठीण होतं. हे माप घेण्याआधीच डॉक्टरांना सांगावं. तंबाखू न खाणाऱ्यांनीही वर्षातून एकदा तोंड आणि कवळी दोन्ही तपासून घ्यावी.

खाजगी दवाखाना परवडत नसेल तर नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, परिसरातलं शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे, हिंगणा रोडकडे खाजगी दंत महाविद्यालयंही आहेत. महाविद्यालयात काम शिकाऊ डॉक्टर अनुभवी शिक्षकांच्या देखरेखीखाली करतात. वेळ जास्त लागतो. पहिलं माप, पक्कं माप, जबड्यांची उंची जुळवणं, मेणात दात लावून ट्रायल आणि मग कवळी, अशा निदान पाच फेऱ्या होतात. ट्रायलच्या दिवशी घरचं माणूस बरोबर असावं. दातांचा रंग, ओठाचा उठाव यावर बोलायचं ते तेव्हाच बोलायचं, नंतर बदल अवघड. जुनी कवळी असेल तर ती, चालू औषधांची चिठ्ठी आणि साखरेचा ताजा रिपोर्ट बरोबर न्या. आणि कवळी हातात मिळाली की निघण्याआधी काउंटरवर पुढच्या आठवड्यातली तपासणीची तारीख कार्डावर लिहून घ्या, दुखत असो वा नसो.